पोरगं म्हणतं, बीई नको, आयटीआय करतो

पत्र:

"सर, नमस्कार. मी सातपूरला एका कंपनीत मशीन शॉपमध्ये ऑपरेटर आहे. चोवीस वर्षं झाली, पर्मनंट आहे. सिडकोत स्वतःचं घर आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, 57 टक्के. सीईटीत काही जमलं नाही. तरी एका खासगी कॉलेजात बीईला जागा मिळतेय. चार वर्षांचा खर्च आठ लाखांच्या खाली जात नाही. पीएफमधून काढायचं ठरवलं होतं. आता मुलगा म्हणतो, मला बीई करायचंच नाही, आयटीआय करतो आणि अप्रेंटिस लागतो. सर, मी तीन-तीन शिफ्टमध्ये कामं केली ती कशासाठी? त्यानंही हातात पुसायचं वेस्ट घेऊन मशीनपुढे उभं राहावं म्हणून? आमच्या लाइनवर हल्ली पोरं येतात आणि सात महिन्यांत जातात, नावं पाठ व्हायच्या आत. त्याच्या आईला वेगळीच काळजी, डिग्री नसली तर मुलगी कोण देईल. पंधरा दिवस झाले, घरात बापलेकाचं बोलणं बंद आहे. काय करावं?"
एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर:

नमस्कार भाऊ,

सात महिन्यांत जाणाऱ्या पोरांचं वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या नकाराचं मूळ तिथेच आहे. मशीनचा तिटकारा असता तर चोवीस वर्षं ते चालवून तुम्ही घर उभं केलं नसतं. आपल्या पोराची गत त्या पोरांसारखी होईल याचा तुम्ही धसका घेतलाय. तो खोटा नाही. सातपूर असो की अंबड, सिन्नर असो की गोंदे, सकाळच्या शिफ्टला कुठल्याही गेटवर उभं राहिलं तर निम्मे चेहरे कंत्राटदाराचे. कायम करायची मागणी येऊ नये म्हणून 240 दिवस भरू द्यायचे नाहीत, त्याआधी ब्रेक द्यायचा, मग दुसऱ्या कंपनीत दुसऱ्या कंत्राटदाराकडे पहिल्यापासून. हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण ती पोरं अप्रेंटिस आहेत का, हे कधी विचारलंय? बहुतेक नसतात. कुणी कंत्राटी हेल्पर, कुणी एजन्सीमार्फत आलेला "ट्रेनी". काही वर्षांपूर्वी "नीम" या प्रशिक्षण योजनेच्या नावाखाली असेच ट्रेनी सगळीकडे भरले जायचे. शॉपमध्ये सगळ्यांना सरसकट "अप्रेंटिस पोरं" म्हणायची आपली सवय, आणि त्या सवयीपायी तुम्ही दोघं बापलेक वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय. तुमच्या डोळ्यापुढे कंत्राटी पोरं आहेत, आणि तो बोलतोय कायद्यातल्या अप्रेंटिसशिपबद्दल. निदान मी तरी तसं धरून चालतो. त्याच्याही डोक्यात गोंधळ असेल तर हे उत्तर त्यालाही वाचायला द्या.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. अप्रेंटिस कायदा 1961 चा. त्यात मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, मुलगा अठराच्या आत असेल तर पालकाची सही लागते, आणि तो करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो. करारावर ट्रेडचं, म्हणजे कामाच्या शाखेचं, नाव असतं, मुदत असते, स्टायपेंड असतो. शेवटी परीक्षा, आणि पास झाला की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी माणसं धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे तुमच्या कंपनीतही ते असणार. एचआरला जाऊन विचारा, आपल्याकडे ॲक्टचे अप्रेंटिस किती आणि कुठल्या शॉपला? तुमच्या नात्याने विचारलंत तर उत्तर मिळेल.

स्टायपेंडचा आकडा सांगतो, म्हणजे हवेत बोलणं नको. 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या मुलाला महिना किमान 7000, डिप्लोमावाल्याला 8000, पदवीधराला 9000 रुपये. मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने यात 36 टक्के वाढीची शिफारस केली, त्यामुळे करार करताना चालू दर काय आहे ते पोर्टलवर बघून घ्या. हा किमान आकडा आहे, मोठ्या कंपन्या यापेक्षा जास्त देतात, शिवाय कँटीन आणि बस. या पैशात घर चालत नाही, पण मुलगा सिडकोत तुमच्याच घरी राहणार, त्याच्या पेट्रोल-मोबाइलचं भागून थोडं शिल्लक राहील.

आता कायदा काय देत नाही, तेही ऐका. ही बाजू कुणी नीट सांगत नाही. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, शिकाऊ. त्याला पीएफ नाही, ईएसआय नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मिळते, तेवढं संरक्षण आहे. आणि मुदत संपल्यावर कंपनीने नोकरी द्यायलाच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. "अप्रेंटिस लागला म्हणजे चिकटला" हा आपल्या पिढीचा हिशोब होता. मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, अप्रेंटिस लागलेला पोरगा म्हणजे गल्लीत पेढे, असे दिवस या शहराने पाहिलेत. ते आता धरून चालू नका. मुलालाही धरू देऊ नका.

मग नोकरीची हमी नाही तर हे कशासाठी करायचं? त्या वर्षात मिळणाऱ्या कामासाठी. आणि इथे मला तुमच्याकडून मदत हवीय, कारण मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये निदेशक म्हणून आयुष्य काढलं. माझा कल कुणीकडे असणार हे उघड आहे. तुम्ही आतले आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

एकाच कंपनीत, एकाच करारावर दोन पोरं अप्रेंटिस लागतात असं समजा. पहिल्याला सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, उभं करतात. दरवाजा उघड, चकच्या पकडीतला जॉब, म्हणजे तयार झालेला तुकडा, काढ, हवा मार, नवा जॉब लाव, दरवाजा बंद कर, हिरवं बटण दाब. शिफ्टला दोनशे जॉब. वर्षभर हेच. पोरगा हुशार असला तर दुसऱ्या आठवड्यातच त्याचा हात बसतो आणि उरलेले पन्नास आठवडे तो काहीही शिकत नाही. कंपनीला स्वस्तात ऑपरेटर मिळाला. करार नोंदवलेला, स्टायपेंड वेळेवर, कागदावर बोट ठेवायला जागा नाही.

दुसऱ्या पोराला त्याच मशीनवर सेटरच्या, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याच्या, हाताखाली देतात. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे आतलं भोक, 42 मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते अधिक 25 मायक्रॉन. सेटर विचारतो, कशाने मोजशील? पोरगा खिशातलं व्हर्नियर काढतो. सेटर हसतो, अरे, त्याचा लीस्ट काउंट, सगळ्यात बारीक मापच, 20 मायक्रॉन, त्याने 25 ची टॉलरन्स मोजणार? मग बोअर गेज येतं, ते मापाच्या रिंगवर शून्य करायला शिकवलं जातं. पहिले तीस जॉब व्यवस्थित, मग बोअर हळूहळू लहान यायला लागतो. का? कापणारी टीप झिजतेय. झिजेची भरपाई म्हणून ऑफसेट किती द्यायचा, किती जॉबनंतर टीप फिरवायची, आणि जॉब अचानक पाच मायक्रॉन उडाला तर टीपला दोष द्यायच्या आधी चकच्या जॉमध्ये धातूची चिप अडकलीय का ते बघायचं. हा पोरगा वर्षअखेरीला पक्का सेटर झालेला नसतो. पण अंबडमधला कुठलाही जॉबवर्कवाला त्याच्याशी दहा मिनिटं बोलून त्याला कामावर घेईल, आणि त्याला हिरव्या बटणावर उभा करणार नाही.

कागदावर ही दोन पोरं सारखीच. फरक ओळखायचा तर आत माणूस लागतो, आणि तुमच्या मुलाच्या घरात तो माणूस चोवीस वर्षं बसलाय. सातपूर-अंबडमध्ये तुमचे किती मित्र, साडू, गाववाले कामाला असतील? त्यांना एकच प्रश्न विचारायचा, तुमच्याकडे अप्रेंटिसला सेटिंग करू देतात का? वेल्डिंगचं असेल तर, टेस्ट पीस मारू देतात का? इलेक्ट्रिकलला, पॅनल उघडू देतात का, की नुसती शिडी धरायला लावतात? कॉलेज रोडच्या कुठल्याही करिअर सल्लागाराला ही माहिती मिळणार नाही. तुम्हाला एका रविवारात मिळेल.

आणखी एक बारीक गोष्ट करार करताना बघा, ट्रेड कुठला लिहिलाय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ठरलेले, म्हणजे "डेझिग्नेटेड" ट्रेड. त्यांची परीक्षा देशभर एक, आणि रेल्वेपासून सरकारी कारखान्यापर्यंत त्या प्रमाणपत्राला किंमत. दुसरा प्रकार "ऑप्शनल" ट्रेडचा, तो उद्योग आपल्या गरजेप्रमाणे आखतो. त्यातही चांगले कोर्स आहेत, पण आयटीआय मशिनिस्ट झालेल्या पोराला कुणी "असेंब्ली ऑपरेटर" अशा नावाखाली घेत असेल तर तिथे थांबा आणि विचारा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही नाव त्याच्या कानावर असेल. 2024 ची ती योजना सहा महिन्यांच्या विद्यावेतनाची म्हणून सुरू झाली. ती अप्रेंटिसशिप नव्हे, तिला तशी समजू नका.

बीईबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगल्या कॉलेजात, गणिताची आवड असलेल्या मुलासाठी बीई उत्तमच. पण 57 टक्के, सीईटीत जमलं नाही, मुलगा स्वतः नको म्हणतोय, आणि बाप पीएफ काढतोय, अशा चार गोष्टी एका घरात जमल्या की मला भीती वाटते ती दुसऱ्या वर्षाची. पहिल्या वर्षाचं गणित, एम-वन, एम-टू, मागे राहतं, एटीकेटी लागतात, एक वर्ष ड्रॉप. मग पोरगं ना इकडचं ना तिकडचं. आणि बीई झाला की पोरगा केबिनमध्ये बसेल, हे तुमच्या मनातलं चित्र? तुमच्याच प्लांटमध्ये बीई झालेली किती पोरं ट्रेनी म्हणून लाइनवर तुमच्या शेजारी उभी आहेत, ते एकदा बघा. त्यांच्याशी डब्याच्या वेळेला बोला. सगळे दुःखी असतील असं नाही, पण फी किती भरली आणि हातात किती येतं, हे ते सांगतील.

तुम्ही बीई आणि आयटीआय अशा दोनच वाटा लिहिल्यात. मधली एक सुटलीय. बारावी सायन्स झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हातात. आपल्याकडे नाशिक रोडला सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथली फी खासगी बीईच्या जवळपासही जात नाही. डिप्लोमानंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप, आणि मग वाटलंच तर बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची यादी बारावीच्या गुणांवर लागते. उलट आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर. तुम्ही दहावीचे गुण लिहिले नाहीत, पण ठरवायच्या आधी दोन्ही मार्कशीट टेबलावर ठेवा. दहावीला 80 च्या पुढे असेल तर सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये चांगला ट्रेड मागायला बळ येईल. दहावीलाही बेताचेच असतील तर इलेक्ट्रिशियन, फिटरसारखे ट्रेड शासकीयमध्ये पटकन भरतात हे ध्यानात ठेवा. पर्याय लिहिताना तालुक्याच्या आयटीआयही भरा. सिन्नरला मिळालं म्हणून तोंड वाकडं करू नये, सिन्नरची एमआयडीसी दारात आहे.

डिप्लोमा की आयटीआय, हे मी सिडकोत न येता सांगू शकत नाही. ते मुलाच्या "नको" वर आहे. त्याला बीई नको म्हणजे नेमकं काय नको? गणित नको असेल तर डिप्लोमातही गणित आहे, मेकॅनिक्स आहे. तिथून तो पळणार नाही हे बघा. चार वर्षं बाकावर बसणं नको असेल, हाताने काही करायची ओढ असेल, घरातला मिक्सर उघडून बसणारा, गाडीचं क्लच प्लेट स्वतः बदलणारा पोरगा असेल, तर आयटीआय बिनधास्त. आणि मित्र चाललेत म्हणून हा चालला असेल तर ते कळायला वेळ लागत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या लागेपर्यंत त्याला ओळखीच्या एखाद्या साचे-डाय बनवणाऱ्या छोट्या टूलरूममध्ये किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे बसू द्या. अठरा पूर्ण असतील तरच, आणि सेफ्टी शूज घालून. महिनाभर उभ्याने काम केल्यावरही संध्याकाळी घरी येऊन जेवताना त्याच कामाबद्दल बोलला तर विषय संपला. तिसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं तरी विषय संपला.

आयटीआयनंतर कुठे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नाशिकवाल्यांना याबाबतीत कुरकुर करायला फारशी जागा नाही. ओझरला लढाऊ विमानं बनवणारा एचएएलचा कारखाना आहे. 1964 मध्ये तो मिगसाठी उभा राहिला, नंतर सुखोई आली, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकमध्ये बनलेल्या तेजस मार्क वन-ए ने पहिलं उड्डाण केलं. तिथे दरवर्षी आयटीआय, डिप्लोमा, पदवी अशा वेगवेगळ्या गटांत अप्रेंटिस घेतात. नाशिक रोडला रेल्वेचं ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत ते भुसावळ गटात येतं, म्हणून कित्येक नाशिककरांना जाहिरात डोळ्यापुढे असूनही दिसत नाही. तिथली निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, लेखी परीक्षा नाही. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केली की पुढे लेव्हल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत 20 टक्के जागा अशा मुलांसाठी राखीव असतात. परीक्षा तेव्हाही द्यावीच लागते, पण गर्दी थोडी विरळ. महावितरणच्या विद्युत सहायकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे. खासगीत महिंद्रा, बॉश, सिएट, एबीबी, सीमेन्स ही नावं तुम्हाला पाठ आहेत. एवढं मात्र खरं की या सगळीकडे अर्ज करणारी पोरं हजारोंनी असतात. आयटीआयची दोन वर्षं टवाळक्यांत घालवलेल्या मुलाला यातलं काही मिळत नाही, आणि मग त्याचा बाप म्हणतो आयटीआयला काही अर्थ नाही.

ट्रेड निवडताना एक आगाऊ सूचना. सध्या सिंहस्थामुळे शहरात जिकडेतिकडे खोदाई, पाइपलाइन, रस्ते, लायटिंग. प्लंबर-वायरमनला मागणी आहे, आणि कुणीतरी त्याला सांगेलच की हाच ट्रेड धर, चांदी आहे. कुंभ बारा वर्षांनी येतो आणि पोराला चाळीस वर्षं कमवायचंय. वायरमन चांगला ट्रेड आहे, पण तो निवडायची कारणं दुसरी असावीत. माझी आवड विचाराल तर मशिनिस्ट, आणि मिळाला तर टूल अँड डाय मेकर, कारण डाय बनवणारा माणूस सहजासहजी मिळत नाही. इलेक्ट्रिशियन कुठेही उपाशी राहत नाही, नोकरी नाही लागली तर पिशवी उचलून स्वतःची कामं घेतो. एसी-रेफ्रिजरेशनचंही तेच. शहरात जितक्या इमारती वर चढतायत तितक्या लिफ्ट बसतायत, त्या दुरुस्त करणाऱ्यांकडेही लक्ष असू द्या.

दहावीवर चालणारं एक ठिकाण पुष्कळांना माहीत नसतं, छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून आलेली पोरं कामात वेगळी दिसतात. घर सोडून राहायची तयारी असेल तर तिथेही चौकशी करा.

आणि डिग्री. तुम्हाला वाटतंय आज सोडली तर ती कायमची गेली. आयटीआयची दोन वर्षं झाली की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, बीई तीन, म्हणजे सात वर्षं. चारच्या ठिकाणी सात हा लांबचा रस्ता आहे, मी त्याला जवळचा म्हणणार नाही, आणि सुरुवात करणारे सगळे शेवटपर्यंत जात नाहीत. पण ज्याला जिथे थांबायचं तिथे थांबता येतं आणि प्रत्येक टप्प्यावर हातात प्रमाणपत्र असतं. खासगी बीई तिसऱ्या वर्षाला सोडलेल्या पोराच्या हातात काय असतं? फीच्या पावत्या. नोकरी करता करता नुसती पदवी हवी असेल, म्हणजे "कोणत्याही शाखेचा पदवीधर" असं जिथे मागतात तिथल्या परीक्षांसाठी, तर मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, 1989 पासून आहे. पुण्या-मुंबईची पोरं त्याचे फॉर्म भरतात आणि नाशिकची पोरं त्याला सहलीचं ठिकाण समजतात.

पीएफला हात लावू नका. यावर मी फार बोलत नाही. आयटीआय किंवा शासकीय डिप्लोमा ठरला तर त्याची गरजच पडणार नाही. बीईच ठरलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर घ्या, म्हणजे निदान फी किती आहे याचा विचार त्याच्याही डोक्यात राहील. तुमच्या निवृत्तीला दहा-बारा वर्षं उरली असतील, तो पैसा तुमचा आणि वहिनींचा आहे.

वहिनींच्या काळजीवर हसू नका, आणि मीही हसत नाही. हल्ली स्थळं बघताना काय चालतं ते आपण सगळे बघतोय. पण त्यांनी एक करावं, गेल्या दोन वर्षांत नात्यात जी लग्नं ठरली, तिथे मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न काय विचारला ते आठवावं. "पर्मनंट आहे का?" आणि "घर स्वतःचं आहे का?" डिग्री बायोडेटावर शोभून दिसते, पण मुलीचा बाप पगाराची स्लिप बघतो. सत्ताविसाव्या वर्षी चांगल्या टूलरूममध्ये स्थिरावलेला पोरगा आणि सत्ताविसाव्या वर्षी बीई करून एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेला पोरगा, यात स्थळं कुणाला जास्त येतील हे वहिनी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. तुमच्या घराला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर आधीच आहे.

राहिला अबोला. समोरासमोर बसून "बोल, काय ठरवलंस" असं विचारलंत तर पुन्हा भांडण होईल, दोघंही तापट दिसता. त्यापेक्षा सेकंड शिफ्ट असेल त्या दिवशी सकाळी त्याला गाडीवर मागे बसवा आणि त्र्यंबक रोडला सातपूरच्या आयटीआयमध्ये घेऊन जा. आत वर्कशॉपला जा, ऑफिसला नको. तिथल्या लेथवर पोरं काम करत असतील. तुम्ही बघा, त्यालाही बघू द्या. एखादा पोरगा टूल चुकीच्या उंचीला बांधून बसलेला दिसेल, कुणीतरी असतोच. तुम्हाला राहवणार नाही, तुम्ही सांगाल. तुमच्या मुलाने तुम्हाला घरी दमून आलेलं पाहिलंय, काम करताना बहुधा कधीच पाहिलेलं नाही. परत येताना नाशिक रोडला तंत्रनिकेतनचीही चौकशी करून या, रस्ता उलटा पडेल पण एका दिवसात होईल.

फॉर्म मात्र तिन्हीकडचे भरा, आयटीआय, थेट दुसरं वर्ष डिप्लोमा, आणि तुमच्या समाधानासाठी बीईचाही. जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर, डोमिसाइल लागणार असेल तर आजच सेतूला टाका, जुलैत तिथे उभं राहायला जागा नसते. आणि खासगी कॉलेजवाले "जागा धरून ठेवतो" म्हणून शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतील. देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवा आणि परत पिशवीत ठेवा.